बी विंगमागची पट्टी

सेक्रेटरी: बी विंगमागच्या पट्टीसाठी लॉनचं नवीन कोटेशन आलंय. रविवारच्या मीटिंगआधी मतं कळवा.

बी-१०४: दादा, कृपा करून पुन्हा लॉन नको. तीनदा लावून झालं. एकीकडे इमारत, दुसरीकडे कंपाउंडची भिंत, वर आंबा. गवताला पाच-सहा तास ऊन लागतं, तिथे जेमतेम तासभर येतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघते मी, गवत पिवळं पडतं आणि जूनमध्ये त्याच जागी मॉस आपोआप धरतं. ते आपण दरवर्षी ब्लीचिंग पावडर टाकून खरवडतो. तेच वाढू देऊ या ना.

ए-३०२: अगं, मॉस म्हणजे शेवाळच ना? मागच्या पावसाळ्यात आमचे हे त्यावरूनच घसरले. दीड महिना प्लास्टर होतं.

बी-१०४: लक्षात आहे काकू. येण्याजाण्याच्या वाटेवर काहीही हिरवं नको, फरशी घासलीच पाहिजे. ती बुळबुळ बहुतेक शैवालाची, म्हणजे अल्गीची असते. मॉसला इवलीशी पानं असतात, हाताला मखमलीसारखं लागतं. आपण दोन्हींना शेवाळच म्हणतो.

सी-५०१: क्योटोला साइहोजी मंदिराची बाग पाहिलीये. शंभरावर जातींचं मॉस आहे तिथे. पण तिकडे पाऊस बारा महिने असतो. आपल्या पुण्यात दिवाळीनंतर काय?

बी-१०४: सुकेल, तपकिरी होईल. तितकं बारमाही हिरवं आपल्याकडे राहणार नाही, हे आधीच सांगते. पण सुकलं म्हणजे मेलं असं नाही. मॉसला खरी मुळं नसतात, पाणी पानांतूनच शोषतं. म्हणून लवकर वाळतं आणि शिंपडलं की लगेच टवटवीत होतं. फक्त बोअरचं पाणी नको, क्षार फार आहेत. एसीचं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आणि ते मिळतं ऐन उन्हाळ्यात, मॉसला हवं तेव्हाच!

ए-२०१: डासांचं काय? डेंग्यूची भीती वाटते.

बी-१०४: डास साठलेल्या पाण्यात होतात, ओल्या मातीत नाही. गटाराकडचा उतार तसाच ठेवू. भिंतीलगत फूटभर जागा मोकळी सोडू, म्हणजे ओल चढणार नाही.

सी-५०१: ताकात मॉस वाटून मातीवर फासतात, असा व्हिडिओ पाहिला.

बी-१०४: ताकाने बुरशी आणि मुंग्या येतील, काका. गच्चीवर टाकीपाशी भरपूर आहे. पहिला पाऊस झाला की त्याच्या खपल्या उचलायच्या, माती चोपून घट्ट करायची, वर ठेवून पायाने दाबायच्या आणि महिना-दीड महिना ओल सुकू द्यायची नाही. ट्रेकला गेलेल्यांनी किल्ल्यावरून किंवा भीमाशंकरहून मात्र कृपया उपटून आणू नका. तिथलं तिथेच राहू दे.

सेक्रेटरी: मुलं खेळली तर चालेल?

बी-१०४: नाही, तुडवलं की उखडतं. खेळायला पुढचं लॉन आहे, तिथे ऊनही आहे.

बी-३०४: आमच्या दोन्ही एसींचं पाणी त्याच बाजूला ठिबकतं. प्लंबरला सांगून पाइप खालपर्यंत आणतो. ताई, बादली तुमच्या खिडकीखाली ठेवली तर चालेल?

बी-१०४: ठेवा की. रोज संध्याकाळी रिकामी करून मीच शिंपडेन.