लाल नको, पिवळा लावा

फोटोत आकाश गडद करायला ऑर्थो फिल्मवर (फक्त निळा-हिरवा प्रकाश टिपणारी कृष्णधवल फिल्म) लाल फिल्टर चालेल का, असं एकाने विचारलंय. नाही चालणार. या फिल्मला लाल रंग दिसतच नाही, म्हणून तर ती डार्करूममध्ये लाल दिव्याखाली बिनधास्त हाताळता येते. लाल फिल्टर लावलात तर निगेटिव्ह जवळपास कोरी.

पिवळा मात्र खुशाल वापरा. तो निळा अडवतो, उरतो तो मुख्यतः हिरवा. ढग उठून दिसतात, पानं उजळतात. फक्त फिल्टरवर छापलेला फॅक्टर (एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश, किती पट वाढवायचा तो आकडा) जसाच्या तसा घेऊ नका, तो बहुधा पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मसाठीचा असतो. तिथे पिवळ्यातून हिरवा आणि लाल दोन्ही कामी येतात, इथे लाल वाया, म्हणजे एक्स्पोजर जास्त लागणारच. कॅमेऱ्यातल्या मीटरवरही विसंबू नका. फिल्टरमधून आलेला लालही तो मोजतो आणि फ्रेमला प्रकाश कमी पडतो. एकाच दृश्याच्या एक-एक स्टॉप (दर वेळी दुप्पट प्रकाश) वाढवत तीन फ्रेम काढा, निगेटिव्ह बघून आपला फॅक्टर ठरवा.

नारिंगीच्या फंदात मी तरी पडणार नाही. प्रकाश फारच थोडा उरतो.

आणि हो, फिल्टर नसतानाही उजेडाचा रंग बघा. इल्फर्ड ऑर्थो प्लस दिवसाच्या उजेडात ८० आयएसओ, टंगस्टन दिव्यात (जुन्या पिवळसर बल्बच्या उजेडात) ४०, कारण त्या उजेडात लाल जास्त असतो. मावळतीच्या उन्हातही थोडं सढळ एक्स्पोजर द्या.