'होप' येण्याआधी ह्वांग जंग-मिन यांचे कोणते चित्रपट पाहावेत?

रातराणी

नमस्कार मंडळी. दिग्दर्शक ना होंग-जिन यांच्या 'होप'ची मी आतुरतेने वाट पाहत आहे आणि त्याचे मुख्य कारण कोरियन नट ह्वांग जंग-मिन आहेत. 'नार्को-सेंट्स'मधला सुरिनाममध्ये बस्तान बसवलेला, पाद्र्याच्या वेषातला अमली पदार्थांचा तस्कर मी आधी पाहिला होता. नंतर '12.12 : द डे' पाहिला, तेव्हा डिसेंबर 1979 मध्ये सोलमध्ये लष्करी बंड घडवून आणणारा तो टकला सेनाधिकारी हाच नट आहे, हे श्रेयनामावली वाचेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. बंड साधल्यावर तो स्वच्छतागृहात एकटाच उभा राहून हसत सुटतो, ते हसू अजून माझ्या कानांत आहे.

त्यांचे जुने काम मात्र मी फारसे पाहिलेले नाही. हाताशी चार-पाच सुट्ट्या आहेत. सोबत आई असेल. तिला इंग्रजी उपशीर्षके वाचता येतात, पण सावकाश, आणि रक्तपात तिला सहन होत नाही. कोणते चित्रपट पाहावेत आणि कोणत्या क्रमाने, हे कृपया सांगावे.

घाटवाट

रातराणी, वाट पाहणाऱ्यांत मीही आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आईंसोबत पाहायचे असेल तर 'ओड टू माय फादर'ने (2014) सुरुवात करा. 1950 च्या डिसेंबरात, कोरियन युद्धात, उत्तर कोरियातल्या हुंगनाम बंदरातून माणसांनी खचाखच भरलेले जहाज सुटते, त्या गर्दीत वडील मागे राहतात आणि घराची जबाबदारी कोवळ्या पोरावर येऊन पडते. पुढे तो पश्चिम जर्मनीतल्या कोळशाच्या खाणीत उतरतो, व्हिएतनामला जातो आणि बुसानच्या बाजारातले आत्याचे दुकान काही केल्या विकत नाही. कोरियात या चित्रपटाची 1 कोटी 42 लाखांवर तिकिटे विकली गेली. सलमान खानचा 'भारत' (2019) आईंनी पाहिला असेल तर गोष्ट त्यांना ओळखीची वाटेल, कारण तो यावरूनच बेतलेला आहे. तिथे हुंगनामच्या जागी आपली फाळणी आली. मूळ चित्रपटात शेवटाकडे घर माणसांनी भरलेले असताना म्हातारा नायक उठून आतल्या खोलीत जातो आणि वडिलांच्या तसबिरीशी बोलू लागतो. बाहेर नातवंडांचा गलका चालू असतो आणि आत हा सत्तरी ओलांडलेला माणूस लहान मुलासारखा रडत असतो. ह्वांग यांचा आवाज तिथे ज्या तऱ्हेने फुटतो, त्यासाठी तरी हा चित्रपट पाहायलाच हवा.

त्यानंतर 'द स्पाय गॉन नॉर्थ' (2018). हेरपट असूनही यात गोळीबार जवळजवळ नाहीच. 1990 च्या दशकात दक्षिण कोरियाचा एक गुप्तहेर व्यापारी बनून उत्तरेत शिरतो, आणि ही गोष्ट एका खऱ्या हेराच्या कामगिरीवर आधारलेली आहे. व्यापाऱ्याचा मोकळाढाकळा, बोलघेवडा आव आणि पाठ वळताच उतरणारा तोच चेहरा, या दोहोंतला फरक ह्वांग किती थोडक्यात दाखवतात याकडे लक्ष द्या. संवाद मात्र भरपूर आहेत, तेव्हा आईंसाठी मधूनमधून थांबत पाहावा लागेल.

गिर्यारोहणाची आवड असेल तर 'द हिमालयाज'ही (2015) आहे. एव्हरेस्टवर राहिलेला सहकाऱ्याचा देह आणायला पुन्हा वर जाणाऱ्या चमूची ती खरी हकिकत आहे. माझ्या मते त्यात भावनेचा भर जरा जास्त झाला आहे.

अबोली

घाटवाट यांच्या पहिल्या दोन्ही शिफारशींशी मी सहमत आहे, परंतु 'न्यू वर्ल्ड' (2013) वगळला तर यादी अपुरी राहील. तो आईंसोबत पाहू नका. उद्वाहनातली सुऱ्यांची मारामारी फार अंगावर येते. एकट्याने मात्र अवश्य पाहा. ह्वांग यांनी साकारलेला टोळीतला मातब्बर गुंड पांढऱ्या सुटात विमानतळावर उतरतो आणि पायांत विमानात मिळणाऱ्या सपाता तशाच असतात. त्या एका गोष्टीवरून माणूस कळतो: लाडावलेला, बेफिकीर आणि धाकट्या भावासारख्या मित्रावर जीव टाकणारा. तो मित्र पोलिसांचा माणूस आहे, हे प्रेक्षकांना ठाऊक असते आणि त्याला नसते. सगळी वेदना तिथून सुरू होते.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. 2005 मध्ये 'यू आर माय सनशाईन'साठी ब्लू ड्रॅगन हा कोरियातला चित्रपट पुरस्कार स्वीकारताना ह्वांग अशा अर्थाचे बोलले होते की साठेक तंत्रज्ञ आणि नटांनी पान वाढून ठेवले, मी फक्त बसून चवीने जेवलो. ते भाषण कोरियात अजूनही आठवले जाते. त्यांची मुळे रंगभूमीवरची आहेत आणि 2024 मध्ये ते 'मॅकबेथ' करायला पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. समोरच्या नटाला जागा देण्याची त्यांची सवय मला तिथूनच आलेली वाटते.

रातराणी

दोघांचेही मनापासून आभार. 'द वेलिंग'चे नाव अजून कोणीच कसे घेतले नाही? 'होप'चे दिग्दर्शक तेच आहेत ना?

घाटवाट

तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. 'द वेलिंग' (2016) हा ना होंग-जिन यांचा 'होप'आधीचा चित्रपट. म्हणजे दिग्दर्शक आणि नट यांची ही जोडी इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र येत आहे, आणि माझी सगळी उत्सुकता याच गोष्टीत आहे. 'द वेलिंग'मध्ये ह्वांग चांगल्या तासाभरानंतर मांत्रिकाच्या भूमिकेत येतात आणि त्यानंतर चित्रपटाचा ताबा सोडत नाहीत. घुमाईचा तो लांबलचक प्रसंग पाहताना मला गावाकडचा देवऋषी आठवला. ढोलांचा कल्लोळ चाललेला असतो, मांत्रिक लाकडी खांबात खिळा ठोकतो आणि तिकडे घरात आजारी मुलगी कळवळून किंचाळते. हा माणूस तारायला आला आहे की मारायला, याचा निवाडा आपल्याला करता येत नाही, आणि ह्वांग तो आपल्याला करूही देत नाहीत.

'होप'मध्ये ते याच्या अगदी उलट बाजूला उभे आहेत. जाहीर झालेल्या कथासूत्रानुसार दोन्ही कोरियांच्या सीमेजवळच्या होपो या बंदरगावात ते पोलीस चौकीचे प्रमुख आहेत आणि गावातली पोरे वाघ दिसल्याची खबर घेऊन येतात. 'द वेलिंग'मध्ये गोंधळलेला पोलीस दुसरा नट होता आणि ह्वांग सगळे जाणणारे होते. या वेळी न कळणाऱ्या संकटासमोर त्यांनाच उभे राहायचे आहे. सोबत जो इन-संग, जंग हो-यॉन, मायकल फासबेंडर आणि अलिशिया विकँडर आहेत. छायाचित्रण 'द वेलिंग'च्याच होंग क्यंग-प्यो यांचे आहे, ज्यांनी 'पॅरासाइट'ही टिपला होता.

अबोली

'द वेलिंग' आईंना दाखवू नका, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रक्तापेक्षाही त्यात लहान मुलीचे जे हाल होतात, ते पाहवत नाहीत. तुम्ही तो रात्री दिवे मालवून, मध्ये न थांबता पाहा. अडीच तासांहून मोठा आहे, तेव्हा जेवण आधी उरका.

रातराणी

ठरले. शनिवारी आईसोबत 'ओड टू माय फादर', रविवारी दुपारी थांबत थांबत 'द स्पाय गॉन नॉर्थ'. पुढच्या आठवड्यात ती मावशीकडे जाणार आहे, तेव्हा 'न्यू वर्ल्ड' आणि 'द वेलिंग' मी एकटीने पाहीन. 'भारत' तिने पाहिलेला आहे. आत्ताच विचारले, तर म्हणाली, "त्यातलं ते ताटातुटीचं मूळचं कसं आहे, ते मला आधी दाखव."