मदत हवी आहे: लाकडावर स्टेन्सिलने समुद्र काढतेय, कडा फुटताहेत (तातडीचं!)

चिमणचारा
मंडळी, घाईत लिहितेय. रविवारी नणंदेच्या बाणेरच्या फ्लॅटची वास्तुशांत आहे. तिच्या हॉलसाठी तीन फळ्यांवर माड, लाटा आणि एक जहाज करायचं ठरवलंय. पण स्टेन्सिल ठेवून वूड स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) मारला की रंग खाली पसरतो. माडाची झावळी चक्क केरसुणी दिसतेय. व्हिडिओ सगळे बघून झालेत, तेच दुवे देऊ नका प्लीज. काय करू?

रंधा
लाकूड कुठलं? स्टेन पाण्यातला की थिनरमधला? लावताय कशाने?

चिमणचारा
साधंच लाकूड आहे हो. स्टेन अक्रोडी आणि निळा. ब्रशने लावतेय, अजून कशाने लावणार?

पेठेतला_काका
स्टेनच्या नादी लागूच नका. अ‍ॅक्रिलिक रंग आणा, स्पंजने टिपा, अर्ध्या तासात मोकळ्या. आमच्या सोसायटीच्या गणपतीचं अख्खं मखर असंच केलं होतं.

रंधा
काका, मखर थर्माकोलचं असेल. इथे लाकडाच्या रेषा दिसायला हव्यात म्हणून तर स्टेन वापरतात.

ताई, 'साधं लाकूड' असं काही नसतं. पाइन, प्लाय, एमडीएफ, सागवान, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. तरी सांगतो. रंग घट्ट असतो, लावला तिथे बसतो. स्टेन पातळ. तो लाकडाच्या तंतूंमधून आतल्या आत सरकतो, त्यामुळे स्टेन्सिल कितीही घट्ट चिकटवली तरी रेषेपलीकडे जातोच. उपाय: आधी पेन्सिलीने आकृती काढा आणि धारदार कटरने त्या रेषेवर हलकी चीर द्या. तंतू तुटले की स्टेन बराचसा तिथेच थांबतो. ब्रश बाजूला ठेवा. स्पंज स्टेनमध्ये बुडवून रद्दीवर इतका टिपा की जवळजवळ कोरडा वाटेल, मग उभा ठोकत लावा, घासू नका. एका दमात गडद करायला जाऊ नका, दोन-तीन हात द्या. जेल स्टेन मिळाला तर उत्तमच, तो घट्ट असतो.

खाडीकाठ
जहाजाच्या स्टेन्सिलचा फोटो टाकता का?

चिमणचारा
टाकलाय. पण प्रश्न कडांचा आहे.

खाडीकाठ
वाटलंच होतं! ही चौकोनी शिडं विलायती जहाजाची. आपल्या गलबताची शिडं तिरकी, तिकोनी. कोकणचा समुद्र काढायचा आणि त्यात इंग्रजांचं जहाज सोडायचं? आंग्र्यांनी जन्मभर काय केलं मग?

पेठेतला_काका
कोकणचा समुद्र असं कोण म्हणालं? आणि पुण्यात कोण बघतंय शिडं!

खाडीकाठ
पुण्यात बघत नाहीत म्हणूनच सांगावं लागतं.

हळदकुंकू
स्टेन्सिल बोहरी आळीत भरपूर मिळतात, पण गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा नाही. घरी ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, कापूनही होते.

लाखेचा_माणूस
सगळे मूळ गोष्ट विसरताय. आधी सीलर, म्हणजे लाकडाची भोकं बुजवणारा हात! चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ करून एक हात मारा, मग स्टेन पसरत नाही. सीलरशिवाय पाइनवर स्टेन म्हणजे डागच डाग.

चिमणचारा
पण सीलर तर मारलेलाच आहे. सुतारकाकांनी पाइनच्या फळ्या घासून, वर दोन हात सीलर मारूनच दिल्यात.

रंधा
अहो ताई!! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. सीलरने लाकडाची भोकं बुजली. स्टेन आत जातच नाहीये, वर तरंगतोय आणि स्टेन्सिलच्या कडेखाली घुसतोय. लाखवाल्यांचा पातळ हात वेगळा आणि सुताराचे दोन जाड हात वेगळे.

चिमणचारा
सीलर सगळेच मारून देतात ना? त्यात सांगण्यासारखं काय? आता करायचं काय ते सांगा.

रंधा
१२० च्या पॉलिश पेपरने घासा, मग १८० ने, रेषांच्या दिशेने. पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला तर लाकूड उघडं झालं.

पेठेतला_काका
किंवा त्याच सीलरवर हलका कागद फिरवून अ‍ॅक्रिलिक. मी म्हणत होतोच.

वाचनमात्र
फळ्यांच्या मागच्या बाजूला सीलर आहे का?

चिमणचारा
नाही. मागे कोऱ्याच आहेत.

वाचनमात्र
मग उलट्या करा.

रंधा
हे बेस्ट! चीर आणि कोरडा स्पंज विसरू नका. आणि निळा स्टेन पिवळसर पाइनवर हिरवट दिसतो. आधी पातळ पांढरा हात देऊन पुसून घ्या, वाळू द्या, मग निळा. कोपऱ्यात करून बघा. स्टेन तेलाचा असेल तर पुसलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.

हळदकुंकू
बापरे, हे माहीत नव्हतं. कपाटात कोंबते मी.

भिंतवाला
चित्र होईल हो, पण टांगणार कसं? नव्या इमारतीत भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधा खिळा धरत नाही, ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग लागतात. मिवानची, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटची असेल तर हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही.

चिमणचारा
हे विचारलं नव्हतं, पण बरं झालं सांगितलंत. उलट्या बाजूला थोडासा भाग रंगवून बघितला, झावळी सुटी आलीय. जहाज रद्द, वेळ नाही. भिंत कुठली ते ओळखायचं कसं?

भिंतवाला
ठोकून बघा. ब्लॉक असेल तर भद्द आवाज येतो.

खाडीकाठ
जहाज रद्द कशाला? तिकोनी शीड म्हणजे तीन रेषा. मी काढून पाठवतो.