पाणी चढल्यानेच नाही, उतरल्यानेही तिवरं मरतात

समुद्र चढल्यावर खारफुटीचं काय होईल, या चर्चेत एक मुद्दा आलाय: पातळी वाढली की तिवरांसारखी खारफुटी (खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं) गाळ धरून स्वतःची जमीन उचलते. मुद्दा बरोबर, पण त्याला मर्यादा आहे. गेल्या दहा हजार वर्षांतल्या जुन्या गाळाचा २०२० साली अभ्यास झाला. त्यात दिसलं की पाणी वर्षाला ६-७ मिलिमीटरच्या पुढे चढायला लागलं की खारफुटीला तो वेग बहुधा झेपत नाही.

चर्चेत सगळेच समुद्र चढण्याबद्दल बोलतायत, म्हणून उलटं उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेन्टारियाच्या आखातात २०१५-१६ मध्ये सुमारे हजार किलोमीटर किनाऱ्यावर ७,००० हेक्टरांहून जास्त खारफुटी काही महिन्यांत वाळून गेली. तेव्हा तिथला समुद्र चढला नव्हता, साधारण २० सेंटिमीटर उतरला होता! एल निनोत, म्हणजे काही वर्षांनी पॅसिफिक महासागराचं पाणी जास्त तापतं त्या काळात, वारे मंदावले आणि पॅसिफिकच्या पश्चिमेचं पाणी पूर्वेकडे सरकलं. वरच्या पट्ट्यातल्या झाडांपर्यंत भरतीच पोचेना. त्यात पाऊस नाही आणि ऊन कडक, म्हणजे चिखलातलं मीठ वाढत गेलं. मेली ती मुख्यतः आपल्या खाड्यांत सर्रास दिसणारी तिवरच, तीच पानावर मिठाचे कण दिसणारी आणि चिखलातून पेन्सिलीएवढी श्वासमुळं वर काढणारी. पाण्याच्या अगदी कडेची झाडं मात्र पुष्कळ ठिकाणी तगली. त्यामुळे नुसती सरासरी पातळी बघून अंदाज बांधणं मला तरी पटत नाही. एखाद-दुसऱ्या वर्षाचा चढउतारही जंगल संपवू शकतो.