मदत हवी: कोकम सरबताच्या बाटलीचं लेबल. स्टिकर कुठला, मजकूर किती, दर काय?

रानजाई:

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यात राहते. कमर्शियल आर्ट केलंय, मुंबईत एजन्सीत काही वर्षं काढली आणि आता घरूनच कामं घेते. इथली कामं म्हणजे लग्नपत्रिका, जत्रेचे बॅनर, निवास-न्याहारीचे बोर्ड, खानावळीची मेनूकार्डं. पोटापुरतं चालतं.

आत्ता हातात आहे ते गावातल्या बचत गटाचं काम. कोकम सरबत, आगळ आणि आमसुलं करतात. आजवर माल पाहुण्यारावळ्यांत खपायचा, बाटलीवर झेरॉक्सची चिठ्ठी सेलोटेपने डकवलेली. आता तारकर्लीच्या वाटेवरचे स्टॉलवाले आणि दादरचं एक दुकान माल ठेवायला तयार झालंय. लोगो झाला, पसंतही पडला. गाडी अडलीय ती लेबलापाशी. २०० मिलीची तयार सरबताची बाटली आहे, लेबल साडेसात बाय पाच सेंटीमीटर धरलंय.

अडचण अशी की स्टॉलवाला बाटली बर्फाच्या पेटीत पुरून ठेवतो. नेहमीच्या प्रेसमधून कागदी गमिंग स्टिकरवर नमुना काढून आणला. अर्ध्या तासात कडा उचलल्या, नंतर पेटीत हात घातला तर लेबल वेगळं आणि बाटली वेगळी. प्रेसवाला म्हणतो, वरून लॅमिनेशन करू, काही होणार नाही. मला खात्री वाटत नाही.

दुसरं, गटाच्या अध्यक्ष काकूंना सरबताचा रंग दिसायला हवा, म्हणून पारदर्शक स्टिकरही करून बघितला. रिकाम्या बाटलीवर देखणा दिसला. बाटली भरली आणि हिरवं पान काळं पडलं, पिवळी अक्षरं तर कोकमात विरघळल्यासारखी दिसेनाशी झाली. हे असं का होतं आणि यावर उपाय काय?

मजकुराचं तर विचारू नका. देवीचा फोटो, सगळ्या सभासदांची नावं, 'अस्सल मालवणी', '१००% नैसर्गिक', कुणीतरी सांगितलं म्हणून जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह, आणि नावापुढे गोलातला आर, कारण मोठ्या कंपन्यांच्या मालावर तो असतो. शिवाय काकूंचा धोशा चालूच, "गो, नाव मोठा दिसूक व्हया!" कुणाचं, तर सगळ्यांचंच.

आणि शेवटी पैसे. लोगो आणि तीन लेबलं मिळून साडेतीन हजार सांगितले. एका सभासदाचा मुलगा म्हणाला, मोबाईलवर फुकट होतं की हे. वर त्याला ओपन फाईलही, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाईल, हवीय. रोज तोंड बघायची माणसं आहेत, तुटेपर्यंत ताणायचं नाहीये. तुम्ही काय करता अशा वेळी?

---

शाई_कागद:

रानजाई ताई, प्रेस लाईनमध्ये आहे म्हणून जरा लांबण लावतो.

लॅमिनेशनने कागद वाचत नाही. वरची बाजू झाकली तरी कापलेली कड उघडीच असते आणि पाणी तिथूनच शिरतं. बाटलीला घाम सुटला की कड फुगते, मग गम सुटतो. तुम्हाला पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा) स्टिकर लागेल. आपल्याकडच्या डिजिटल दुकानांत त्याला 'नॉन टेअरेबल' म्हणतात. फाडून बघा, फाटत नसेल तर तोच. त्यावर थर्मल लॅमिनेशन घ्या, मॅट किंवा ग्लॉस, तुमच्या आवडीनुसार. छपाई कुठल्या मशीनवर होणार तेही विचारा. पाण्याच्या शाईच्या इंकजेटवर काढून दिलं तर स्टिकर टिकेल आणि रंग वाहून जाईल.

कोपरे गोल करा, तीनेक मिलिमीटरचे. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो. लेबल लावायचं ते कोरड्या आणि गार न केलेल्या बाटलीवर. सरबत गरम भरत असतील तर बाटली पुरती निवू द्या, पुसून घ्या, मग मधून कडांकडे दाबत लावा आणि एक दिवस तशीच ठेवा. गम लगेच पूर्ण धरत नाही. बायका सकाळी लेबलं लावून दुपारी माल स्टॉलवर पाठवणार असतील तर महागातला स्टिकरही काही करू शकणार नाही. पावसाळ्यात उरलेल्या शीटा प्लॅस्टिकमध्ये बांधून सपाट ठेवा, नाहीतर दमटपणाने वळतात.

आता पारदर्शक. छपाईची शाई मुळात पारदर्शकच असते. कागद पांढरा असतो म्हणून पिवळा पिवळा दिसतो. पारदर्शक फिल्मवर मागे कागद नाही, कोकम आहे. तुमचं पिवळं त्या लालजांभळ्यावर पडलं, मग दिसणार काय? त्यासाठी रंगाखाली पांढरी शाई मारावी लागते. प्रत्येक डिजिटल मशीनला पांढरी शाई नसते, आणि असते तिथे दर चढा लागतो. फाईलमध्ये पांढऱ्याचा वेगळा लेयर द्यायचा, रंगापेक्षा किंचित आत, म्हणजे कडेने पांढरी रेघ डोकावत नाही.

पण मला विचाराल तर हा खटाटोप करूच नका. पांढऱ्या पीपीवर लेबल छापा आणि ते लहान ठेवा. काकूंना रंग दाखवायचा आहे ना, त्याला अख्खी बाटली मोकळी आहे. पांढऱ्याशेजारी कोकमाचा रंग उलट उठूनच दिसेल.

आणि माप स्क्रीनवर ठरवू नका. बाटलीला कागदाची पट्टी गुंडाळा आणि सरळ भाग किती आहे तो बघा. पेट प्लॅस्टिकच्या बाटलीला कंबर नाहीतर वळ्या असतात, त्यावर लेबल गेलं की सुरकुती ठरलेली.

---

सुरंगी:

शाई_कागद यांना +१. आता मजकूर. माझं स्वतःचं लोणची-मसाल्याचं लहान युनिट आहे, त्यामुळे हे पाठ झालंय.

आधी कायद्याने काय लागतं ते मांडा, उरलेल्या जागेत लोगो बसवा. उलट केलंत की रडायची पाळी येते. पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त असेल तो आधी, म्हणजे तुमच्याकडे बहुतेक पाणी, साखर, कोकम), पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ माप, एमआरपी सर्व करांसहित, प्रति मिली किंमत, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि त्याखाली परवान्याचा १४ आकडी नंबर. शाकाहाराचं हिरवं चिन्ह. त्यातल्या गोलाचा व्यास दर्शनी भाग १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर किमान ३ मिलिमीटर, १०० ते ५०० असेल तर ४. हा दर्शनी भाग बाटलीच्या आकारावरून मोजतात, स्टिकरच्या नव्हे. मोजायची कटकट नको असेल तर ४ चं टाका आणि मोकळ्या व्हा.

एक गोष्ट इथे फार जणांच्या ध्यानात येत नाही. हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा. मराठी त्याच्या जोडीला चालते, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. दुकानाच्या पाटीला मराठी सक्तीची आणि बाटलीला पुरेशी नाही, असा आपला कारभार. दादरचा दुकानदार हे सगळं बघून घेणार, स्टॉलवाला बघणार नाही.

जीआय: सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला ते २०१६ मध्ये मिळालंय. पण म्हणून जिल्ह्यातल्या कुणीही चिन्ह लावावं असं नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करावी लागते. गटाने ती करून घ्यावी, फायद्याचीच आहे, तोवर चिन्ह नको. गोलातला आर ट्रेडमार्क नोंदला गेल्यावरच. आधी लावला तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने दंड होऊ शकतो. नोंदणी होईपर्यंत टीएम लिहिता येतं. सरबत ३२ व्या वर्गात येतं, लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये. 'नैसर्गिक', 'ताजं' या शब्दांनाही २०१८ च्या नियमांत अटी आहेत. साखर घातलेल्या सरबतावर '१००% नैसर्गिक' मी तरी छापणार नाही.

तारीख, बॅच आणि एमआरपी छापून घेऊ नका. पांढरी मोकळी चौकट सोडा. आणि लॅमिनेशनवर साधा रबरी शिक्का पुसला जातो, लवकर वाळणारी शाई लागते, हे आधीच बघून ठेवा.

---

खाजण:

देवीच्या फोटोचं मी सांगतो. काकूंना एवढंच म्हणा की सरबत पिऊन झालं की लोक बाटली किनाऱ्यावर टाकतात, लाथेने उडवतात, गटारात जाते. दुसरं कारण द्यावं लागणार नाही. सभासदांची नावं खोक्यावर घ्या, तिथे ऐसपैस जागा असते.

जाता जाता: स्टॉलसाठी बोर्ड करणार असाल तर लोखंडी फ्रेम टाळा. खाऱ्या वाऱ्याला एका पावसात गंज धरतो आणि त्याचे ओघळ फ्लेक्सवर उतरतात. उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा-काळा मागे राहतो. आमच्या इथे एका खानावळीचं तिखटजाळ सुरमई थाळीचं चित्र आता निळं झालंय. बघून भूक मरते.

---

हिशेबनीस:

पैशांचं. लोगो आणि तीन लेबलांना साडेतीन हजार म्हणजे तुम्ही आधीच ओळखीचा दर लावलाय, आणखी खाली येऊ नका. कमी करायचंच असेल तर काम कमी करा, आत्ता एकच लेबल द्या. छपाईचे पैसे गटाने थेट प्रेसला द्यावेत, तुमच्या हातून जायला नकोत. नाहीतर प्रेसचा खर्च आणि तुमची मजुरी एकाच आकड्यात दिसते आणि गावभर 'हिने दहा हजार घेतले' होतं.

त्या मुलाला एक विचारा. ॲपमधलं तयार पान-फळ उचलून केलेलं चिन्ह उद्या दुसऱ्या गटानेही उचललं, तर कुणाला अडवणार? ते सगळ्यांना वापरायला दिलेलं असतं, त्यावर एकट्याचा ट्रेडमार्क मिळत नाही. बाटली दादरला जाणार असेल तर हे महत्त्वाचं आहे.

ओपन फाईल पूर्ण पैसे मिळाल्यावर द्या, अडवून ठेवून तुमचा फायदा नाही. मात्र हक्क दिल्याचं एक पानी पत्र करा, दोघांच्या सह्यांचं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात. गटासाठी लोगो कायमचा असेल तर तसं लिहा. फॉन्ट कुठला वापरलाय तेही त्यात घाला. मुक्ता किंवा बालू घेतलेत तर परवान्याची कटकट नाही, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत आणि मुंबईच्या एक टाइपने केलेत.

गटांना ब्रँडिंगसाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ५० टक्के मदत ठेवलेली होती. ती अजून चालू आहे का, याची कृषी विभागात चौकशी करायला सांगा.

---

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. पांढरा पीपी पक्का केला, मजकूर सुरंगी ताईंच्या यादीप्रमाणे लावतेय. नाव बरंच मोठं राहिलंय, म्हणजे काकू खूश.

नवीन त्रांगडं. कुडाळच्या प्रेसला फाईल पाठवली, तर त्यांच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली. 'निव्वळ'मधला 'व्व' सुटून पाय मोडलेला 'व्' वेगळा झाला, 'ऱ्या'चं तर काय झालं ते सांगवत नाही. आणि त्यांच्याकडे 'ल' हिंदी वळणाचा येतोय. तसंच कमीत कमी किती छापू? त्यांचं म्हणणं, पाच हजार घ्या, स्वस्त पडेल.

---

शाई_कागद:

अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्या करून, पाठवा, सोबत पीडीएफ आणि एक जेपीजी, म्हणजे त्याला काय दिसायला हवं ते कळेल. कर्व्ह न केलेली प्रत तुमच्याकडे राहू द्या, उद्या फोन नंबर बदलला तर लागेल. 'ल' आणि 'श'ची मराठी वळणं बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये असतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की येतात. ते झाल्यावर कर्व्ह करा. रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत), चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई.

पाच हजारांच्या नादी लागू नका. पहिल्या खेपेला मजकुरात काहीतरी बदलतंच, मग उरलेल्या लेबलांचं करायचं काय? बारा बाय अठरा इंची शीटवर तुमची लेबलं आडवी-उभी करून पंचवीस बसतात, म्हणजे वीस शीटांत पाचशे झाली. हाफ कट करून घ्या, म्हणजे स्टिकर कापला जातो पण मागचा कागद अखंड राहतो, बायकांना सोलायला सोपं. माल महिन्याला हजारोंनी जायला लागला की कोल्हापूरला रोलवरची लेबलं करणारे आहेत, तेव्हा तिकडे बघू.

आणि वीसच्या वीस शीटा एकदम सोडू नका. एक काढा, भरलेल्या बाटल्यांना लावा, एक दिवस ठेवा, मग रात्रभर बर्फात. सकाळी नखाने कोपरा उचलून बघा. मगच बाकीच्यांना हो म्हणा.

---

रानजाई:

एक शीट सांगितली आहे, एसटीने पार्सल येईल. बर्फात ठेवून इथे कळवते.

देवीचं कारण काकूंना एका वाक्यात पटलं, खाजण दादा. नावं खोक्यावर घ्यायलाही तयार झाल्या. आता खोक्यावर पहिलं नाव कुणाचं, यासाठी गटाने शुक्रवारी बैठक लावलीय. मला बोलावलंय, पण जाणार नाही.