कौलांवरचं शेवाळ प्रेशर मशीन न लावता कसं काढावं? (बेलापूर)

बेलापूरचा_कौलारू
१९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. ऐंशीच्या दशकात चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी आखलेली वसाहत, सात-सात घरं एका अंगणाभोवती आणि डोक्यावर कौलं. आता आजूबाजूला बहुतेकांनी स्लॅब टाकले. आमचं घर बाबांनी घेतलं तसंच आहे. ते गेल्यापासून आई म्हणते, मी असेपर्यंत कौलं राहू दे. मलाही तेच हवंय.

मागे डोंगर, आणि उत्तरेच्या पाख्यावर शेजारच्या जांभळाची फांदी. त्या बाजूला दिवसभरात जेमतेम तासभर ऊन. काल शिडी लावून बघितलं. आढ्याजवळच्या तीन ओळींवर हिरवट-काळा पातळ थर आहे, बोट फिरवलं तर बुळबुळीत. खाली वळचणीकडे मात्र मखमलीसारखे जाड पुंजके. दोन कौलांच्या सांध्यातला एक पुंजका चिमटीत धरला तर अख्खा निघून आला. त्याखाली ओली काळी माती आणि मातीत वेटोळं घातलेलं गांडूळ! छपरावर गांडूळ मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. शेजारच्या सांध्यात चार पानांचा पिंपळ उगवलाय.

ऑगस्टपासून देवघराच्या भिंतीवर ओल आहे. पाऊस थांबला तरी दोन-दोन तास थेंब पडत राहतात.

एकाने नऊ हजार सांगितलेत, प्रेशर मशीनने अर्ध्या दिवसात नव्यासारखं करून देतो म्हणाला. पण मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत एकांनी असंच मशीन लावून घेतलं, तर पाणी कौलांखाली शिरून आतलं प्लायचं सिलिंग फुगलं आणि आठ दिवसांत उतरवावं लागलं. म्हणून हात आखडलाय.

अजून दोन गोष्टी. स्वयंपाकघराच्या मागे नव्वदच्या दशकातला राखाडी सिमेंटचा पन्हळी पत्रा आहे, त्यावरही हिरवं चढलंय. तोही त्यातच धुवून घ्यावा का? आणि वळचणीखाली आईची तुळस, दोन अनंत आणि पागोळ्यांचं पाणी धरायचं पिंप आहे. त्यांना अपाय होऊ नये. कोणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.

कोपरखैरणे_सेक्टर
१९ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

आमच्या रो-हाउसच्या गच्चीला मी दरवर्षी ॲसिड मारतो. संडास साफ करायचं असतं तेच. ओतायचं, फेस आला की खराट्याने घासायचं, पाणी मारायचं. तासाभरात गच्ची पांढरी. कौलालाही चालायला हरकत नसावी.

नौपाडा_साइटवाला
१९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

वरचा ॲसिडचा उपाय कृपा करून कोणी करू नका. मी २६ वर्षं वॉटरप्रूफिंगच्या कामांवर सुपरवायझर होतो, ठाणे-कळवा पट्ट्यात. गच्चीवर जो फेस दिसतो तो मळ निघाल्याचा नाही. ॲसिड सिमेंट खातंय, त्याचा तो फेस. चार-पाच वर्षं असं केलं की कोब्याचा, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या लेपाचा, वरचा घोटलेला थर जातो, रेती उघडी पडते, आणि खरखरीत जागेवर शेवाळ पहिल्यापेक्षा घट्ट धरतं. मग दरवर्षी ॲसिड लागतं आणि शेवटी गळती. कोपरखैरणेकर, तुमच्या गच्चीवर हात फिरवून बघा. हाताला रेती लागत असेल तर यंदा ॲसिड बंद करा.

दुसरं त्याहून गंभीर. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. एका सोसायटीच्या गच्चीवर आमच्याच पोराने सकाळी कुणीतरी मारलेल्या ॲसिडवर दुपारी ब्लीचिंग पावडर टाकली. टाकीखालच्या अरुंद जागेत बसून घासत होता. खोकत खोकत जिन्यापर्यंत आला आणि तिथेच बसला. दोन दिवस दवाखान्यात काढले त्याने. गच्ची उघडी असते, काय होतंय, असं कोणी म्हणू नये.

आता तुमच्या कौलांबद्दल. मशीनवाल्याला नको म्हणा. दहा मीटर उंचीच्या पाण्याला एक बार दाब असतो. तुमच्या घराच्या टाकीतून नळाला येतो तो त्याहूनही कमी. घरगुती प्रेशर मशीन १०० बारच्या पुढे असतं. कौलावर कौल चढवलेलं असतं ते वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी. खालून वर किंवा आडवा फवारा बसला की पाणी सांध्यातून थेट आत. शिवाय भट्टीत भाजलेल्या कौलाची वरची कातडी त्या माऱ्याने निघते, आतली भुसभुशीत माती उघडी पडते आणि कौल आधीपेक्षा जास्त पाणी पितं.

शेवाळ आधी मारायचं, मग काढायचं. जिवंत असताना खरवडलं तर चिकटलेले तंतू मागे राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा हिरवं. घरगुती ब्लीच साधारण ४-५ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घाला. हाउसकीपिंगवाल्यांकडचं कॅनमधलं हायपो (तेच ब्लीच, जास्त कडक) १० टक्क्यांचं असेल तर एकाला तीन पाणी. कॅन उन्हात पडलेला असेल तर त्याची ताकद उतरलेली असते, तो घेऊ नका. बादली प्लॅस्टिकची. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, अंगात जुने पूर्ण बाह्यांचे कपडे. ऊन तापायच्या आत फवारा आणि १५-२० मिनिटं ओलं राहू द्या. वाळलं तर काम थांबतं. मग साध्या पाइपने वरून खाली धुवा. बुळबुळीत काळं-हिरवं त्याच दिवशी जातं. जाड पुंजके जात नाहीत. ते पिवळे-तपकिरी पडून सुकायला पंधरा दिवस लागतील, तोवर धीर धरा. सुकले की काथ्याच्या ब्रशने वरून खाली ओढले तरी सुटतात. तारेचा ब्रश नको.

फवारण्याआधी तुळस आणि अनंत साध्या पाण्याने चिंब करा, वर प्लॅस्टिक टाका, नंतर पुन्हा भरपूर पाणी द्या. जमल्यास कुंड्या हलवाच. पिंप बाजूला काढा आणि पुढच्या मोसमातले पहिले दोन-तीन पाऊस धरू नका.

सिमेंटच्या पत्र्याचं मात्र नीट ऐका. त्या काळातला राखाडी पन्हळी पत्रा ॲसबेस्टॉसचा आहे असं धरूनच चाला. खरवडला, घासला किंवा त्यावर प्रेशर मारलं तर सुटणारे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण छातीत जाऊन बसतात, आणि आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. त्याला ब्रश लावू नका. फार वाटलं तर शिडीवरूनच तेच पाणी हलकं फवारून सोडून द्या. त्यावर पाय ठेवायचा नाही, कोणाला ठेवू द्यायचा नाही. २००९ मध्ये असाच हिरवा झालेला पत्रा एका हेल्परच्या पायाखाली बिस्किटासारखा मोडला आणि तो चौदा फूट खाली आला. जगला, पण कंबर गेली. वर हिरवं चढलेलं असलं की खाली आधाराची पट्टी कुठे आहे ते दिसतच नाही. मी त्याला वर जा म्हणालो होतो. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून एवढं लिहितोय.

येऊरच्या_पायथ्याशी
२० ऑक्टोबर, दुपारी २:१५

साइटवाले काकांशी पूर्ण सहमत. आमचं घर जंगलाला लागून. सगळे उपाय करून झाले, फरक पडला तो ऊन आल्यावर. जांभळाची ती फांदी राहिली तर कौलं कितीही घासा, दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. मात्र परस्पर तोडू नका. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा, फोटो जोडा, आणि झाड शेजाऱ्यांचं असेल तर त्यांची सही आधी घ्या. आम्ही शेजारच्या आजींना आधी घरात बोलावून भिंतीवरची ओल दाखवली, मग त्यांनीच सही केली.

गुहागर_ते_ठाणे
२० ऑक्टोबर, रात्री १०:५०

दादा, एक विचारू? वर चढायचंच कशाला?

मंगलोरी कौल रिपेवर, म्हणजे खालच्या आडव्या लाकडी पट्टीवर, नुसतं अडकवलेलं असतं. आढ्यावरची कौलं चुन्यात किंवा सिमेंटात बसवलेली असतात, बाकीची हाताने उचलली की निघतात. आमच्या गुहागरच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी कौलं परततात. माझा काका आतून माळ्यावर उभा राहून एकेक कौल उचलून खाली देतो. छपरावर पाय कोणी ठेवत नाही. ओल्या शेवाळावर पाय म्हणजे साबणावर पाय.

तुमच्याकडे सिलिंग नसेल तर आतून परांची बांधून घ्या, लाकडी घोड्यांवर फळ्या. पण आडव्या-तिरप्या पट्ट्या ठोकून घट्ट, डुगडुगता कामा नये. वळचणीच्या दोन ओळी बाहेरून शिडीवरून निघतील. शिडी चार फूट उंचीला एक फूट या हिशोबाने भिंतीपासून लांब टेकवा आणि खाली एक माणूस धरायला हवाच. एका वेळी चार-पाच ओळीच उतरवा म्हणजे घर उघडं पडणार नाही. शंभर चौरस फुटाला १३०-१५० कौलं धरा, एकेक सव्वादोन-अडीच किलोचं. दोन माणसांना दोन-तीन दिवसांचं काम आहे. कौलाच्या पोटाला खडूने ओळीचा नंबर घाला, कारण जुनी कौलं एकमेकांना घासून बसलेली असतात, जागा बदलली की फटी राहतात.

खाली टबात साइटवाल्या काकांनी सांगितलेलं ब्लीचचं पाणी करून कौलं बुडवा, काथ्याने घासा, चांगल्या पाण्यातून काढा आणि भिंतीला उभी लावून सुकवा. ओली एकावर एक रचू नका. कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर तडा गेलाय. खालच्या बाजूची नळी, ज्यात शेजारचं कौल बसतं, ती काडीने कोरून साफ करा. माझा अंदाज आहे की तुमचं देवघर तिथूनच गळतंय.

आमच्याकडे पोफळीला कोळेरोगासाठी मारलेलं बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) उरलं की वळचणीच्या चिऱ्यावर मारायची रीत होती. मोरचुदातलं तांबं शेवाळाला चालत नाही, हे खरं. पण ते माशांनाही विष आहे, आणि पन्हळ जस्ताच्या पत्र्याची असेल तर तीही खातं. तुमच्याकडे पाणी पिंपात धरता, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

घाई करू नका. मुंबईतून पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरला परततो, पण त्यानंतरही संध्याकाळच्या सरी येतात. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

(आमच्या जुन्या कौलांपैकी एकाच्या पाठीवर बासेल मिशन या मिशनरी संस्थेचं नाव आणि १८६५ साल आहे. ते त्यांचा मंगळूरचा कारखाना सुरू झाला ते साल. लहानपणी मला वाटायचं, आमचं घरच तेव्हाचं. कौलं उतरवाल तेव्हा पाठी नक्की बघा.)

बेलापूरचा_कौलारू
२१ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. मशीनवाल्याला नाही कळवलं. पत्र्याला हातही लावणार नाही. देवघराच्या वर सिलिंग नाही, त्यामुळे आतून कौलं उतरवणं जमेल. काका, तुम्ही त्या हेल्परबद्दल लिहिलंत ते आईलाही वाचून दाखवलं.

एकच शंका: धुऊन सुकल्यावर वरून रंग किंवा कोटिंग मारावं का?

नौपाडा_साइटवाला
२१ ऑक्टोबर, दुपारी १:३०

ऑइल पेंट अजिबात नको. कौलाने आतून घेतलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि रंगाचे पोपडे सुटतात. मारायचंच तर सिलिकॉनवालं पारदर्शक पाणीरोधक, ज्यातून वाफ जाते. तेही कौल पुरतं कोरडं झाल्यावर, मार्चमध्ये. यंदा नुसतं साफ करून एक पावसाळा बघा, असं माझं मत.

बेलापूरचा_कौलारू
८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

काम झालं, म्हणून लिहितोय. गुहागरकरांनी सांगितलं तसंच केलं. दोन माणसं, मी आणि खाली खडू घेऊन आई. संक्रांतीनंतरचे तीन दिवस लागले. उत्तरेच्या पाख्यावरची ३४६ कौलं उतरवली. वाजवून बघण्याचं काम आईने कुणाला दिलं नाही. अंगणात खुर्चीवर बसून एकेक कौल कानाशी धरून वाजवलं आणि १९ बाजूला काढली. मी त्यातली चार परत ठेवायला निघालो होतो, डोळ्यांना तडा दिसत नव्हता. टबात बुडवून बाहेर काढल्यावर चारही कौलांवर केसाएवढी ओली रेघ उठून दिसली.

देवघराच्या वरचं कारण सापडलं. नळीत शेवाळ आणि माती इतकी ठासून भरली होती की पाणी आडवं वळून रिपेवर जात होतं. तिथली हातभर रीप स्पंजासारखी झाली होती, नखाने दाबली तर नख आत गेलं. तेवढा तुकडा बदलला. पिंपळाचं मूळ दोन कौलांच्या मधून दीड फूट पुढे गेलं होतं. १९ बदली कौलं मिळवायला मात्र आठवडा गेला. शेवटी पलीकडच्या गल्लीत पाडकाम चालू असलेल्या घराची मिळाली, त्याच मापाची. पाठी बघितल्या, साल कुठे नव्हतं, पण एका कौलावर ओल्या मातीत उमटलेले चार बोटांचे ठसे होते. ते आईने देवघरावर बसवायला लावलं.

तुळस ठीक आहे. एका अनंताची पानं कडेने करपली, प्लॅस्टिक वाऱ्याने सरकलं होतं. ती चूक माझी. आता नवी पालवी आली आहे.

आढ्यावरच्या कौलांना हात लावला नाही, ती सिमेंटात आहेत आणि तिथे पातळ थरच आहे. सिमेंटचा पत्रा जसा होता तसा आहे, बदलायचं पावसाळ्याआधी बघतोय. फांदीचा अर्ज उद्यान विभागाकडे दिलाय, शेजाऱ्यांची सही मिळाली. त्यांची अट एकच, जांभळं उतरल्यावर तोडा.