जुन्या लॅपटॉपची रॅम किती वाढवावी? मदत हवी आहे

मंडळी, माझ्या लॅपटॉपमध्ये पाचव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आहे. ४ जीबी डीडीआर३एल (कमी व्होल्टेजवर चालणारी डीडीआर३) रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, आणि एक स्लॉट रिकामा. एसएसडी आधीच बसवली आहे, त्यामुळे सुरू पटकन होतो. पण ब्राउझरचे बरेच टॅब आणि एखादी मोठी एक्सेल फाइल एकत्र उघडली की रॅम भरून जाते आणि टायपिंगसुद्धा अडखळतं.

स्लॉटमध्ये ४ जीबी टाकून एकूण ८ करू, की ८ टाकून १२? ४+४ मध्ये पूर्ण ड्युअल चॅनल (दोन्ही रॅम एकाच वेळी वापरून मिळणारा जास्त वेग) मिळतं. ४+८ मध्ये पहिले ८ जीबी ड्युअल आणि उरलेले ४ सिंगल चॅनलवर चालतात, असं वाचलंय. रोजच्या कामात हा फरक जाणवतो का? मला तरी इथे वेगापेक्षा जागा महत्त्वाची वाटते, कारण रॅम संपली की विंडोज एसएसडीवर पेजिंग करतं (रॅममधला डेटा तात्पुरता तिथे हलवतं) आणि सगळा खोळंबा तिथेच होतो. मॉड्यूल १.३५ व्होल्टचंच घेणार आहे.

लेकीचा अभ्यासही याच लॅपटॉपवर चालतो, त्यामुळे तो अजून काही वर्षं टिकायला हवा. असं असमान मिश्रण कुणी वापरलं असेल तर अनुभव नक्की सांगा.